धुवाँ किधर जारा?

हुलसूरकरकाका जिना चढताना हातात पेटलेली उदबत्ती धरत. नारायणगुड्यात नवीन आलो तेव्हा मी त्यांना देवभक्त समजून वाकून नमस्कार केला. ते उदबत्तीवरची नजर न काढता म्हणाले, "पाया नक्को पडू मियाँ, धुवाँ किधर जारा वो देख!"

काका सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, तिसऱ्या मजल्यावर राहणारे. मी मुखेडचा, घरातला पहिला बी.एस्सी., त्यांच्या खालच्या खोलीत भाड्यानं.

जिन्याच्या माथ्यावर, काकांच्या दाराशी, समोरासमोर दोन खिडक्या होत्या. पश्चिमेच्या खिडकीला काकांनी खिळे ठोकलेले, पूर्वेची सदा सताड उघडी. उन्हाळ्यात सगळी बिल्डिंग त्यांच्या नावानं बोटं मोडायची.

"काका, वारा पश्चिमेकडूनच येतो हो!"

"म्हणून तर बंद! खाली आग लागली, तर तोच वारा धुराला परत जिन्यात ढकलेल. वारा जिकडं जातो, तिकडंच धुराला वाट द्यायची."

"पण धूर वर जातो. शाळेत शिकलोय मी."

"तुझ्या मास्तरांकडून वारा शिकवायचा राहिला."

लग्नाला गेले तरी तेच. होम पेटला, की अक्षता मुठीत धरून काका हॉलच्या खिडक्या उघडझाप करत हिंडायचे. एकदा नवरदेवाला ठसका लागला, तर हे आनंदानं ओरडले, "बोल्या था ना मैं!"

मग जिकडंतिकडं कॉम्प्युटर आले आणि काकांच्या दारासमोर क्लास निघाला. क्लासवाल्या रावांना धूळ चालेना. पूर्वेच्या खिडकीला पक्की काच बसवायला त्यांनी माणूस आणला. काका उदबत्तीसकट खिडकीत चढून बसले.

"पयले मेरे कू काच लगाव!"

"अंकल, मशीन खराब होता!" राव रडकुंडीला आले.

"मशीन उचलून खाली नेता येतं!" काका मराठीत कडाडले.

काकूंनीच समजवावं म्हणून मी आत गेलो. त्या कधी जिना उतरताना दिसल्या नव्हत्या. आत खाटेवर पडून होत्या, कमरेखालचं अंग गेलेलं. उशाशी उदबत्ती जळत होती आणि तिचा धूर वळून दारातून जिन्याकडं निघाला होता.

"चढले का खिडकीत?" काकू हसल्या. "मी म्हणते, आग लागली तर तुम्ही तरी पळा. तर म्हणतात, आधी धूर पळू दे."

मी बाहेर आलो. माणूस काच धरून ताटकळत उभा होता.

"सरका जरा, काका," म्हणालो, आणि त्यांच्या शेजारी चढून बसलो. काकांनी उदबत्ती माझ्या हातात दिली.