बातमीचे दोनशे चौदा जाणकार

पत्रकारितेला खरी भरभराट येते ती वर्तमानपत्र बंद पडल्यावर, हे आता सिद्ध झालेलं आहे. वालंगरीत साप्ताहिक निघत होतं तोवर सगळ्या गावात पत्रकार एकच होती, रॉस्लिन कीटली. साप्ताहिक बुडालं, रॉस्लिनने घरबसल्या ऑनलाइन लेखन शिकवायला घेतलं, आणि वर्षभरात गावात नि आसपास दोनशे चौदा पत्रकार झाले (प्रमाणपत्रासह).

पूर्वी बिचारीचे फार हाल होते. बावीस वर्षं दर मंगळवारी संध्याकाळी सातला तिला नगरपरिषदेच्या सभेत जाऊन बसावं लागे. ती खुर्चीत दिसली की नगरसेवकांना कंठ फुटे आणि गटाराच्या एका झाकणावर दोन-दोन तास चर्चा चाले. आता मंगळवारी सातला तिचा सर्वांत लोकप्रिय वर्ग असतो: 'सभेची बातमी कशी लिहावी'. वर्गात पत्रकारांची हजेरी शंभर टक्के, सभेत शून्य. त्यामुळे सभा सरासरी अकरा मिनिटांत आटोपते. कार्यक्षमता म्हणतात ती हीच.

तिचा सगळ्यात हुशार विद्यार्थी म्हणजे डॅरिल स्टॅनक्लिफ, नगरपरिषदेचा प्रसिद्धी अधिकारी. एका रविवारी त्याने गृहपाठ पाठवला: गावचा तरणतलाव कायमचा बंद, ठराव सर्वानुमते मंजूर. सभा अजून व्हायची होती. रॉस्लिनला त्याच्या कल्पनाशक्तीचं कौतुक वाटलं. "सुरुवात ठाम करा, हळहळ दुसऱ्या परिच्छेदात घ्या," असा शेरा मारून तिने दहापैकी नऊ गुण दिले. (एक कापला, विरोधी बाजू नव्हती म्हणून.) मंगळवारी डॅरिलही वर्गातच होता; त्याची बातमी आधीच लिहून झाली होती.

बुधवारी सकाळी रॉस्लिनची आई मर्ल कोरडा टॉवेल घेऊन परत आली. मर्ल ऐंशीच्या घरातली. रोज तासभर पाण्यात चालायची, कारण जमिनीवर तिचे गुडघे ऐकत नाहीत.

"कुलूप घातलंय गं मेल्यांनी," ती धापा टाकत खुर्चीत बसली. "दाराला कागद डकवलाय. काल सभेत ठरलं म्हणे. तू कुठं होतीस?"

"वर्ग होता, आई."

"कसला?"

"सभेची बातमी कशी लिहावी, त्याचा."

मर्लने कोरड्या टॉवेलची घडी मांडीवर ठेवली. "कागद मात्र झकास लिहिलाय हो," ती म्हणाली. "पहिल्याच वाक्यात टाळं, आणि हळहळ खाली. आता मला एक काठी आणून दे."

रॉस्लिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण अनुभव वाया घालवणारी ती नव्हे. पुढच्या आठवड्याचा गृहपाठ तिने दिला, 'आमचा तरणतलाव: एक आठवण'. दोनशे चौदा निबंध आले, सगळे गलबलून टाकणारे. नगरपरिषदेला पत्र कोणीच लिहिलं नाही (अभ्यासक्रमात नव्हतं).

आपल्याला आता रॉस्लिनचा राग आला असेल, आणि तो रास्तच आहे. ही कथा वाचायला तीनेक मिनिटं लागतात. तेवढ्यात आपल्याही गावात एखादा ठराव सर्वानुमते मंजूर झाला असेल. कुठला, ते विचारायची सोय नाही. तिथे कोणीच नव्हतं, आणि आपण कथा वाचत होता.