काखेतली वीणा

रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या कॉलनीत घोषणा होते. समोरच्या गच्चीवरून, दोन्ही हात तोंडाशी धरून, खणखणीत आवाजात.

"कॉलनीतल्या लोकाइनं इकडं ध्यान द्यावं. सव्वासातची वीना फलाटावर लागली हाये. ज्याइले खिडक्या लावाच्या असतील त्याइनं लावून घ्याव्या."

मग पाच मिनिटं शांतता. आम्हाला पळायला वेळ मिळावा, एवढी माणुसकी त्यांच्यात आहे. आणि सव्वासातला, घड्याळ लावून घ्या हवं तर, पहिला आवाज येतो. तो ऐकला की कोपऱ्यावरचा कुत्रा उठतो आणि शेजारच्या गल्लीत जाऊन झोपतो.

हे आमचे गावंडेकाका. अकोल्याच्या बसस्टँडवर जन्मभर कंट्रोलर होते. रिटायर झाल्यावर अमरावतीत आमच्या समोर घर बांधलं, पण मनानं अजून चौकशीच्या खिडकीतच बसलेले असतात. काकूंनी जेवायला हाक मारली आणि यांचं वाचन संपायचं असलं, तर आतून "दहा मिनिटं लेट हाये" असं उत्तर येतं. लग्नाला गेले की आधी मुहूर्त विचारतात, आणि तो टळला की अक्षता खिशात घालून सरळ घरी येतात. माझ्या नणंदेच्या लग्नात आले होते. अक्षता दुसऱ्या दिवशी घरपोच केल्या.

या माणसानं दिवाळीनंतर वीणा शिकायला घेतली. नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे त्यांचं गाव. तिथं माघात सप्ताह बसतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही आणि तार थांबू द्यायची नाही, हा नेम. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, दोन-दोन तासांचा पहारा असतो, रोजची माणसं वेगळी. पहिल्या दिवशी दुपारी बारा ते दोनचा पहारा धरणाऱ्या म्हातारबांचे गुडघे गेले, जागा रिकामी झाली, आणि काकांनी ती मागून घेतली. वीणेला आयुष्यात हात लावलेला नसताना.

मी हार्मोनियमच्या तीन परीक्षा दिल्यात. तिसरीत नापास झाले हे कॉलनीत कुणाला माहीत नाही, त्यामुळे काका माझ्याकडे आले.

"सूनबाई, चारच तं तारा हायेत. अन् चारी मोकळ्याच वाजवाच्या. किती दिवसाचं काम हाये?"

"पंधरा दिवस," मी म्हणाले. माझी अक्कल तेव्हा कुठं चरायला गेली होती कोण जाणे.

सेकंदाचा हिशोब ठेवणारा हा माणूस तालात मात्र साफ आंधळा निघाला. नामाचा गजर संथ सुरू व्हायचा आणि मध्येच अशी काही धाव घ्यायचा की माझा पाय थबकायचा.

"काका, घाई कशाची झालीये?"

"मांगं थोडासा लेट झालो होतो. टाइम कव्हर करून राह्यलो."

पण ताल परवडला, इतकं वाईट त्यांचं वीणा धरणं होतं. वीणेचा भोपळा पोटाशी घ्यायचा आणि लांब दांडी खांद्याला लावायची, हे शेंबडं पोरही सांगेल. काका तो भोपळा काखेत मारायचे. जन्मभर गाड्यांच्या नोंदीचं पॅड जसं काखेत मारून फलाटावर हिंडले, अगदी तसं. दांडी पुढं निघालेली, समोरच्यानं डोळे सांभाळावेत.

मी रोज सांगायचे, "भोपळा पोटाशी घ्या." ते "बरं" म्हणायचे आणि काखेत धरायचे. माझं डोकं उठायचं.

"गावात हसतील तुम्हाला," एकदा मी चिडून म्हणाले.

"हसतीन ना. आमच्या गावात तं एक मानूस असा हाये, वीना वाकडी धरलेली दिसली का सरपंचालेही सोडत नाई. भर मांडवात टोकते."

"मग नीट धरा की."

"पाहू," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काखेतच.

पुढं त्यांनी घरच्या घरी पहाऱ्याचा सराव सुरू केला. दोन तास वीणा गळ्यातून उतरवायची नाही म्हणजे नाही. एकदा वीणा घालूनच दही आणायला गेले. दुकानदारानं वर्गणी मागायला आलेत समजून हातावर दहा रुपये ठेवले. दुसऱ्या वेळी काकू बाहेर गेलेल्या, आणि दारात गॅसवाला आला. सिलिंडर आत घ्यायचं तर हात मोकळे हवेत, आणि वीणा खाली टेकवता येत नाही. काकांनी ती गॅसवाल्याच्या गळ्यात घातली. रिवाज असा की वीणा देताना-घेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. वय बघायचं नाही, मान बघायचा नाही, भांडण असलं तर तेही बघायचं नाही. म्हणून काका वाकून त्याच्या पाया पडले. तो बिचारा घाबरून म्हणाला, "काकाजी, मी काय केलं?" काका सिलिंडर आत सरकवताना ओरडले, "तार थांबू देऊ नको, वाजव." आणि खोटं कशाला सांगू, त्यानं काकांपेक्षा बरी वाजवली.

हे मी काकूंना हसत हसत सांगितलं. काकू हसल्या नाहीत.

"सूनबाई, बाराच्या आधीचा पहारा कोनाचा हाये, ठाव हाये काय? दहा ते बारा. आमच्या भासऱ्याइचा. बापूजीचा."

बापूजी म्हणजे काकांचे थोरले भाऊ. नऊ वर्षं ते काकांशी एक शब्द बोललेले नाहीत. आई गेली त्या दिवशी स्टँडवर यात्रेची गर्दी होती. निरोप आला, पण जादा गाड्या सोडल्याशिवाय काकांनी खिडकी सोडली नाही. एकेक गाडी वेळेवर काढून दिली आणि मग निघाले. गावात पोचले तेव्हा चिता विझत आली होती. बापूजींनी तोंड फिरवलं ते फिरवलंच.

"घरी गेलो का मांगच्या दारानं वावरात निंघून जातेत," काकू म्हणाल्या. "पन वीना द्याची म्हनल्यावर कुठं जातीन? समोर उभं राहाच लागन. ह्याइच्या पाया पडाच लागन. याच्यासाठी चालून राह्यलं सारं."

मी दुसऱ्या दिवशी सव्वासातला खिडकी लावली नाही.

माघात सप्ताहाच्या पहिल्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं गेलो. काका अकरालाच मांडवाच्या खांबाशी जाऊन उभे राहिले, पांढरा सदरा, कपाळाला बुक्का. समोर बापूजी वीणा घेऊन नाम म्हणत होते. उंच, वाळलेले, डोळे मिटलेले, आणि वीणा इतकी नेमकी धरलेली की मला माझी तिसरी परीक्षा आठवली.

बारा वाजले. बापूजींनी डोळे उघडले, काकांना पाहिलं आणि पुन्हा मिटले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मांडवात कुजबुज सुरू झाली. एरवी दोन मिनिटांसाठी लग्न सोडून येणारा माणूस हात जोडून उभा होता. मनगटाकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. मला मात्र त्या बापूजींचा इतका राग आला की पुढं होऊन वीणा काढून घ्यावी असं वाटलं.

सव्वाबाराला बापूजी पुढं आले. वीणा गळ्यातून काढली आणि धाकट्याच्या गळ्यात घातली. काका वाकले. बापूजीही वाकले, घाईघाईनं, पायापर्यंत हात पोचला न पोचला असे. सरळ झाले आणि पाठ फिरवून चालू लागले. संपलं. काकूंनी माझा हात घट्ट धरला.

काकांनी तार छेडली. वीणा काखेत. तीन महिन्यांची माझी मेहनत, साऱ्या गावासमोर काखेत. मी कपाळावर हात मारून घेतला.

बापूजी दोन पावलं गेले आणि थांबले. मागं वळून बघितलं. तोंड आवळलं, पुन्हा निघाले, पुन्हा थांबले. मग तरातरा परत आले.

"अबे वासू, काखेत काहून धरून राह्यला? भाकरीची चवड हाये काय थे? पोटाशी घे."

आणि स्वतःच्या हातानं भोपळा काकांच्या पोटाशी आणला, दांडी खांद्याला लावली, काकांची बोटं तारेवर नीट बसवली. क्षणभर हात तिथंच राहिला. मग ते गेले. काका दोन तास वाजवत राहिले आणि कुठंही टाइम कव्हर केला नाही. काकू पदरात तोंड घालून रडत होत्या, आणि मीही.

परतीच्या बसमध्ये न राहवून मी म्हणाले, "काका, तीन महिने मी दुसरं काय सांगत होते? माझं ऐकलं असतं तर बिघडलं असतं का?"

काका खिडकीबाहेर बघत होते. "तुमी सांगतलं त्याच दिवशी शिकलो होतो सूनबाई. खोलीत आरशापुढं बरोबरच धरतो. पन मांडवात बरोबर धरली असती, तं तो काहून बोलला असता?"

गावातला तो माणूस, जो सरपंचालाही सोडत नाही. मला बसमध्ये बसल्या जागी उमगलं.

दुसऱ्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी घोषणा झाली. मी चहा घेऊन गच्चीवर गेले. समोर काका उभे होते आणि वीणा पुन्हा काखेत होती.

"आता कशाला?" मी ओरडून विचारलं. "आता तर झालं ना बोलणं?"

"एकच वाक्य बोलला तो," काका म्हणाले. "पुढच्या माघातबी बोलाले पाह्यजे ना. सवय सुटून जाईन मंग काखेची."

आणि सव्वासात झाले म्हणून त्यांनी तार छेडली.