रक्ताविना म्यान न होणाऱ्या समशेरींची हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न. ऐकणारांनी सावध ऐकावे, हसू आलियास खुशाल हसावे, लिहिणाराचा राग मात्र अजून उतरला नाही. शके २४९१, सौम्यनाम संवत्सर. कोणे एके राज्यात (नाव लिहीत नाही, लाज वाटते) वर्तमान जाहले ते ऐसे जे, त्या राज्याचा अंमल सात ग्रहांवर होता आणि पदरी किरणतोफा ऐशा होत्या की शंभर कोसांवरील आकाशगलबत एका दमात राख व्हावे. इतके असोन शस्त्रागाराचे कारभारी गंगोपंत शस्त्रनवीस यांस एके दिवशी अवदसा आठवली, जे फौजेस समशेरी द्याव्या. दरबारी भाट गात असे, “आमची समशेर रक्त प्यालियाविना म्यान होत नाही!” पंतांनी ते ऐकिले आणि मान डोलाविली, इथवर ठीक. मग तेच वाक्य जैसेचे तैसे कारागिरांस लिहून दिधले आणि कारागीर हुकुमाचे ताबेदार, त्यांणी पात्यात वीज आणि म्यानात यंत्र बसवोन समशेर खरोखरीच तैसी केली. एकदा उपसली की जित्या जिवाचे रक्त लागल्याविना म्यान तोंड उघडीना! वा रे शहाणपण! गाणे ते गाणे, हे तरी कळावे की नाही?

पुढे हुकूम सुटला की दोन वेळचे हजेरीस समशेर उपसोन मुजरा करावा. आता रोज दोन वेळां गनीम कोठून आणावा? आकाशात कोंबडेही नाही. उघडे पाते हाती धरावे तर वीज अंगास झोंबे. आणि शिपायाचे अंगी नखशिखांत चिलखत, उघडा काय तो उजवा अंगठा, कारण गडाची दारे अंगठ्याचा ठसा पाहोन उघडत. मग शिपायांनी अंगठाच पात्यास लावावा आणि थेंब देऊन म्यान करावे. ऐसे सहा महिने चालिले आणि नव्वद शिपायांचे नव्वद अंगठे चिरोन चाळण जाहले.

सीमेवरील गडाची जुमलेदार हौसाबाई, बाई मोठी खमकी, तिणे शस्त्रागारास अर्जी लिहिली, “पंत, दारे आमचे अंगठे ओळखीत नाहीत. काल मुदपाकखान्याचे दार उघडेना, माणसे उपाशी निजली. उद्या तोफखान्याचे दार अडले तर नव्वद जीव जातील. समशेरी परत घ्या.” पंतांनी उत्तर धाडिले की नाजूक हातांनी फौजेत येऊ नये. आणि गडाची कुरकूर मोडावी म्हणोन आपण जातीने तपासणीस निघाले, जरीचा अंगरखा घालोन, कमरेस सोन्याचे मुठीची समशेर लावोन. ती समशेर त्यांणी जन्मात उपसली नव्हती.

पंत गडावर उतरले आणि त्याच प्रहरी गनिमाची वीस गलबते समोर उभी राहिली. हौसाबाई तोफखान्याकडे धावली. अंगठा लाविला, दार म्हणे, “ओळख पटत नाही.” दुसऱ्याने लाविला, तिसऱ्याने लाविला, नव्वदांनी लाविला. दार ढिम्म. पंतांचा अंगठा मात्र कोरा करकरीत, तोही धरोन लाविला, तो दार म्हणे, “हे नाव तोफखान्याचे यादीत नाही.” मग शिपायांनी संतापाने समशेरी उपसल्या. शंभर कोसांवरील गनिमास समशेर दाखवोन काय व्हावे? गनीम दुर्बिणीतून पाहोन पोट धरून हसला आणि निरोप धाडिला, “गड सोडा. एका घटकेत सर्व समशेरी म्यान करोन होडीत बसाल तर जीव बक्षीस. एकही पाते उघडे दिसले तर सगळ्यांस उडवितो.”

हौसाबाईने आपले लोकांकडे पाहिले. अंगठ्यांत थेंब उरला नव्हता, आणि चिलखत उतरावयास दोन घटका लागत. मग ती पंतांकडे वळली.

पंत म्हणाले, “जुमलेदार, ऐसे का पाहता?”

“हात पुढे करा, पंत.”

“अहो, मी कारभारी माणूस! मला रक्त पाहोन भोवळ येते!”

“मग डोळे मिटा,” बाई म्हणाली, “पण हात पुढे करा. माझी नव्वद माणसे आहेत.”

चौघांनी धरिले. दहा बोटे, नव्वद समशेरी, एकेका बोटास नऊ नऊ टोचे. पंत “आई गं, मेलो!” म्हणोन गडभर बोंबलले, आणि दर बोंबेस एक समशेर म्यानात गेली. घटका भरावयास चार पळे असता शेवटली गेली. सर्व माणसे होडीत बसोन सुखरूप निघाली. गनिमाने बोल पाळिला, हे लिहावयास बरे वाटत नाही, परंतु खरे आहे.

राजधानीत चौकशी बैसली. गड सोडिला म्हणोन हौसाबाईची जुमलेदारी गेली. पंत दहाही बोटांस पट्ट्या बांधोन दरबारी उभे राहिले, ते पाहोन महाराजसाहेबांचे डोळे भरोन आले आणि म्हणाले, “फौजेत रक्त सांडिले ते एक यांणीच!” आणि पंतांस सेनापतीची वस्त्रे दिधली.

एवंच, गड गेला, माणसे वाचली, आणि ज्याचेमुळे गड गेला तो सेनापती जाहला. इतके लिहिले. अधिक लिहावे तर रागाने लेखणी मोडेल.