उरलेल्या गोळ्यांचा बचत गट

केनवडच्या आरोग्यलक्ष्मी महिला बचत गटात पैसे ठेवत नाहीत, गोळ्या ठेवतात. डॉक्टरांनी आठवडाभराच्या गोळ्या लिहून द्याव्यात आणि ताप दुसऱ्याच दिवशी उतरावा, अशा वेळी उरलेल्या गोळ्या गिळणं ही शुद्ध उधळपट्टी होय, या उदात्त विचारातून अध्यक्षा मनकर्णाबाईंनी गटाची स्थापना केली. उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जमा करायच्या आणि गल्लीत कुणाला काही झालं की त्यातून द्यायच्या. नेणारीने पुढच्या आजारपणात कोर्स अर्धा सोडून परतफेड करायची.

गटाची भरभराट झाली. वाटप रंगावरून होई. लाल-पिवळी कॅप्सूल घशाला, पांढरी लांबट तापाला, गुलाबी जुलाबाला. सर्दीला तिन्ही, कारण सर्दी कशानेच जात नाही. कोर्स पूर्ण करणाऱ्या बाईकडे गल्ली संशयाने पाहू लागली. सचिव वैजयंतीने एकदा लघवीच्या जळजळीवरच्या सगळ्या गोळ्या शेवटपर्यंत खाल्ल्या, तेव्हा तिला भरसभेत जाब विचारण्यात आला.

"आग तं कवाच थांबली होती ना तुई? मंग पुढच्या गोळ्या काहून खाल्ल्या?" मनकर्णाबाई कडाडल्या.

"डाक्टरनं सांगतलं होतं, बाई."

"डाक्टर काय गटाचा सभासद हाय?"

वैजयंतीने लेखी माफी मागितली.

पुढे तालुक्याहून एक साहेब पाहणीला आले. डबा पाहून ते भारावले. औषधांची शून्य नासाडी साधणारा हा पहिलाच गट असल्याचं सांगून त्यांनी वाशिमला जाहीर सत्कार मंजूर केला आणि जाताना घसा बसलाय म्हणून दोन लाल-पिवळ्या खिशात घातल्या.

सत्कार तोंडावर आला आणि मनकर्णाबाईंच्या पायात बाभळीचा काटा मोडला. अंगठ्याशेजारचं बोट सुजलं, जोडवं मांसात रुतलं. स्वतःच अध्यक्षा असल्याने त्यांनी कर्ज जागच्या जागी मंजूर करून घेतलं. पांढरीने फरक पडेना म्हणून लाल-पिवळी, तिनेही पडेना म्हणून गुलाबी. डब्याचा तळ दिसू लागला, आणि बोट वांग्याच्या रंगाचं झालं. तेव्हा त्यांचे यजमान दौलतराव त्यांना मोटारसायकलवर बसवून वाशिमला घेऊन गेले. डबा सोबत होता, कारण अध्यक्षा तो कुणाच्या ताब्यात देत नसत.

डॉक्टर वर्षाराणींनी पाय पाहिला. "मावशी, याआधी कोणत्या अँटिबायोटिक गोळ्या घेतल्यात?"

"एकबी नाई."

"नीट आठवा. गेल्या वर्षभरात?"

"माह्या नावानं कोनी गोळी लिहूनच देल्ली नाई, बाई. इचारा सगळ्या केनवडले."

ही माहिती कागदोपत्री अचूक होती. डॉक्टरांनी विश्वास ठेवून नेहमीचं औषध सुरू केलं. नेहमीचं औषध बोटातल्या जंतूंच्याही सवयीचंच निघालं. सूज घोट्यापर्यंत चढली. मग पू तपासायला गेला आणि रिपोर्ट आला. रिपोर्टात औषधांची लांबलचक यादी होती आणि जवळजवळ प्रत्येकापुढे एकच शेरा होता, उपयोग नाही.

"बोट काढावं लागेल बहुतेक," डॉक्टर म्हणाल्या. "मावशी, शेवटचं विचारते. काय काय खाल्लंय?"

मनकर्णाबाईंना रडू कोसळलं. "बोट गेलं तं जोडवं कायच्यात घालू वो मी!"

दौलतरावांनी डबा टेबलावर ठेवला. "हे खाल्लं तिनं. पर याच्यात तिचं काहीच नाई, साऱ्या गल्लीचं हाय."

डॉक्टरांनी झाकण उघडून उरल्यासुरल्या गोळ्या चाळल्या. मग म्हणाल्या, "दरवेळी थोडं थोडं औषध पोटात गेलं की लेचेपेचे जंतू मरतात. तगडे उरतात. पुढची सगळी पैदास त्या तगड्यांची."

दौलतरावांचा चेहरा उजळला. सोयाबीन पिकवण्यात त्यांची हयात गेली होती. "म्हंजे बियानं धरल्यासारखं! जे तगलं तेच निवडाचं, पुढच्या साली तेच पेराचं!"

"अगदी तसंच."

"मनकर्णे," दौलतराव कौतुक आणि धास्ती अशा दोन्ही सुरांत म्हणाले, "अवं, एक नंबर बियानं धरलं तू."

यादीतलं एकच महागडं औषध जंतूंना अजून अनोळखी होतं. ते लागू पडलं. जोडवं पकडीने कापावं लागलं, पण बोट वाचलं. सत्कार मात्र हुकला. घरी पाठवताना डॉक्टरांनी त्याच औषधाच्या गोळ्या हातात ठेवल्या. "शेवटची गोळी संपेपर्यंत घ्यायच्या. याच्यापुढे माझ्याकडे काहीच नाही, मावशी."

मनकर्णाबाईंनी डॉक्टरांचे दोन्ही हात धरून शपथ घेतली.

घरी गट वाट पाहत होता. सगळ्यांनी पाय पाहिला, कापलेलं जोडवं पाहून हळहळ व्यक्त केली. मग वैजयंतीने हळूच विचारलं, "बाई, लय जबरी गोळी हाय म्हन्ते ही?"

"मंग! जंतूईले माहीतच नाई अजून."

"आपल्या डब्यात नाई अशी."

मनकर्णाबाईंनी पायाकडे पाहिलं. सूज उतरली होती. बोट दाबून पाहिलं, दुखत नव्हतं. शपथ त्यांना आठवत होती, पण अध्यक्षपदाचीही काही जबाबदारी असते. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला, गोळ्या नीट चालू आहेत ना? "चालू हाय, बाई," त्या म्हणाल्या आणि पाकीट डब्यात टाकून झाकण घट्ट लावलं.

या नव्या गोळीमुळे गटाची पत इतकी वाढली आहे, की आता गावाबाहेरच्यांनाही सभासदत्व खुलं करण्यात आलं आहे. अट एकच, घरात अर्धवट राहिलेलं एखादं पाकीट असावं. वाचकांनी अर्ज पाठवण्याची तसदी घेऊ नये. तुमच्या फ्रिजवरच्या डब्यातली ठेव गटाने केव्हाच जमा धरली आहे. खोटं वाटत असेल तर उठून पाहून या.