टोपलीभर पाल्याचं कापड

"आज्जे, कापड तीनदा स्वच्छ पाण्यातनं खळबळ, वाळव, आन् सांच्याला कट्ट्यावर घेऊन ये. दुसरं काय करू नको," असं बजावून निशिगंधा सकाळीच कॉलेजच्या मॅडमना आणायला इचलकरंजीला गेली.

'दुसरं काय करू नको' असं तानाबाईंना गेल्या चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्यानंसुद्धा.

नात तिथल्या कॉलेजात कापडाचं शिकत होती. कडुलिंबाचा पाला नि डाळिंबाची साल उकळायची, त्या अर्कात कापड भिजवायचं, मग त्या कापडात जंतू तग धरत नाहीत, असं तिचं म्हणणं. धारेआधी त्यानं म्हशीची कास पुसली की कासेचा आजारही टळेल म्हणे. आज मॅडम स्वतः बघणार होत्या. त्यांना पटलं तर प्रोजेक्ट पास, नाहीतर पोरीचं वर्ष वाया.

तानाबाईंनी कापड भिजत घातलेल्या पातेल्यात डोकावलं. तळाला मूठभर पाला!

"एवढ्यानं तर डास बी मरायचा न्हाय," त्या पातेल्यालाच म्हणाल्या. "वर आणि तीनदा पाण्यात सोडायचं? मग कापडात ऱ्हायलं काय?"

त्यांनी परसातला टोपलीभर पाला ओरबाडून आणला, पाणी निम्मं होईस्तोवर उकळलं आणि कापड त्यात दुपारभर बुडवून ठेवलं. खळबळलं नाहीच. नुसतं पिळून घेतलं.

संध्याकाळी दूधकट्ट्यावर, समोर धार काढून ताजं दूध पाजतात तिथं, गिऱ्हाईक जमलं. तीस वर्षं न चुकता येणारे गणपतराव आपला पितळी पेला घेऊन पहिले; मागोमाग निशिगंधा मॅडमना घेऊन पोचली. तानाबाईंनी राधी म्हशीची कास खसाखसा पुसली. एकदा जंतूंसाठी, एकदा मॅडमना दिसावं म्हणून. मग रेडकू सोडलं.

रेडकानं तोंड लावलं, फुरफुरलं आणि चार पावलं मागं सरलं. कान धरून पुन्हा आणलं, तर हिसडा देऊन थेट गणपतरावांच्या स्कूटरमागं जाऊन उभं राहिलं. रेडकू नाही म्हटल्यावर राधीनं पान्हा चोरला.

"म्हस आटली जणू," गणपतराव म्हणाले.

"आटंल तुमची! परकं माणूस बघून लाजलीया ती."

पेंड चारून, पाठ थोपटून, शिव्या घालून कशीबशी धार निघाली. पहिला पेला गणपतरावांना, दुसरा मॅडमना.

"तानाक्का, दूध कडू हाय."

"जीभ दावा बघू. पित्त झालंय तुमास्नी."

मॅडम सभ्य होत्या. घोट गिळला, डोळ्यांत पाणी आलं, तरी वहीत काहीतरी लिहिलं. ते बघून निशिगंधाचा चेहरा उतरला.

"सॉरी मॅडम. माझंच प्रमाण चुकलं असणार."

तीस वर्षांत या कट्ट्यावर तानाबाईंच्या दुधाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि आपलं चुकलं असं त्या अजून एकदाही बोलल्या नव्हत्या. पण पोरीची हनुवटी थरथरत होती. लहानपणी पडली की रडू फुटायच्या आधी अशीच थरथरायची.

"तिचं काय बी चुकल्यालं न्हाय," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "तिनं मूठभर घातलता. म्या टोपलीभर घातला. खळबळलं बी न्हाय. लिवा तुमच्या वहीत." वर म्हणाल्या, "पर एक तरी जंतू घावतोय का बघा की त्यात!"

मॅडमना हसू आवरेना. "उद्या मूठभरवालं कापड घेऊन या, आज्जी. मी परत येते."

तेवढ्यात शेजारची संयोगिता जवळ सरकली. तिच्या कडेवर तीन वर्षांचा शिवांश, तिचा पदर ओढत. "तानाक्का," ती हळूच म्हणाली, "ते कापड टाकू नगासा. मला द्या. ह्यो अजून अंगावरचं दूध सोडंना बघा. समदं करून बघितलं."

तानाबाईंनी स्कूटरमागच्या रेडकाकडं पाहिलं, मग शिवांशकडं. मान ताठ झाली. त्यांनी कापडाची नीट घडी घातली आणि संयोगिताच्या हातात ठेवली.

"ने. पर सांगून ठेवतो, तीनदा खळबळू नको. दुसरं काय बी करू नको."