सासूबाईंची कॅसेट

भिसे खिंडीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून हर्षद सासऱ्यांच्या स्टिरिओतून कॅसेट बाहेर काढायची खटपट करत होता आणि मनाली त्याचा हात मागे ओढत होती.

"नको ना! बाबांचा जीव आहे त्या कॅसेटमध्ये."

"मी फेकून देतोय का? रोह्याला पोचायच्या आधी परत घालतो."

मनालीचे आईवडील, मालूबाई आणि दिनानाथ, एका बारशासाठी रेल्वेने रोह्याला गेले होते. त्यांना पेणच्या घरी आणायला लेक-जावई त्यांचीच गाडी घेऊन निघाले होते. गाडी जुनी, कंपनीतूनच बसवून आलेला स्टिरिओही तितकाच जुना. त्यात रेडिओ आणि कॅसेट, बाकी काही नाही. आणि कॅसेट एकच. रामवाडीच्या महिला मंडळाने नवरात्रात भरून घेतलेली मालूबाईंची भजनं. किल्ली फिरवली की मालूबाई सुरू. दिनानाथ ती कधी बदलत नसत आणि त्यावरून नातेवाइकांत त्यांच्या प्रेमाचे दाखले दिले जात.

हर्षदने मात्र ऑनलाइन एक जुगाड मागवलं होतं. दिसायला कॅसेटच, पण तिला शेपटीसारखी वायर. ती वायर आपल्या छोट्या प्लेअरला जोडायची, कॅसेट स्टिरिओत सारायची, की प्लेअरमधली गाणी गाडीत वाजणार. फक्त आधी सासूबाईंना जागा रिकामी करावी लागणार होती.

बटण दाबलं, कॅसेट अर्धी वर आली आणि अडकली. हर्षदने चिमटीत धरून ओढली. कॅसेट आली, फीत आतच राहिली. त्याने आणखी ओढलं तशी तपकिरी फीत शेवयांसारखी बाहेर येत गेली आणि शेवटी 'टक्' करून तुटली.

"संपलं," मनाली म्हणाली. "आता बाबांना तूच सांग."

दिनानाथ एसटीत कंट्रोलर होते. त्यांनी नुसतं खाकरलं तरी स्टँडवरची गर्दी रांगेत उभी राहायची म्हणे. लग्न झाल्यापासून हर्षद त्यांच्याशी हवापाण्यापलीकडे बोललाच नव्हता. त्याने फितीचा गुंता समोरच्या कप्प्यात कोंबला आणि फट मोकळी दिसू नये म्हणून वायरवाली कॅसेट आत सारली. स्टिरिओ बंद करून, आधीच वायरीला जोडून चालू ठेवलेला प्लेअर गियरच्या मागे रुमालाखाली लपवला.

रोह्यात दिनानाथ पुढे बसले, मालूबाई मागे लेकीजवळ. गाडीने कुंडलिकेचा पूल ओलांडला. मग मालूबाईंनी विचारलं, "आज भजन नाय लावलं ते?"

"आई, तुम्ही दमला असाल."

"मी दमल्येय. कॅसेट कशी दमंल?"

दिनानाथांचा हात पुढे गेला. "बाबा, एसी वाढवू का?" हर्षद घाईघाईने म्हणाला, पण बटण दाबलं गेलं होतं. गिटार खणखणली आणि एक घोगरा पुरुषी आवाज गाडीभर घुमला.

मालूबाई दचकल्या. "मनाली गो, माझा आवाज असा कसा झाला?"

हर्षदने गाडी बाजूला घेतली. कप्पा उघडला, गुंता बाहेर काढला आणि खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. दिनानाथांनी तो गुंता मांडीवर घेतला. त्यावर हात फिरवला. मग तोंडावर रुमाल धरून खिडकीकडे वळले आणि त्यांचे खांदे गदगदू लागले.

"असं काय करता वो!" मालूबाईंनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "कॅसेटच व्हती ती. मी हाय ना!"

खांदे आणखीच गदगदले. हर्षदला वाटलं, गाडीतून उतरावं आणि चालत पनवेलचं आपलं घर गाठावं.

नागोठण्याला चहासाठी थांबले. मायलेकी हॉटेलात शिरल्या. हर्षद उतरू लागला तर दिनानाथांनी त्याचं मनगट धरलं.

"हर्षदराव, बसा."

"बाबा, चुकलो. मी कुठूनही दुरुस्त करून—"

"दुरुस्त?" दिनानाथांनी हॉटेलच्या दाराकडे बघून आवाज खाली आणला. "खबरदार! कितीक वर्षं अडकली व्हती ती, म्हायतेय? बटण दाबून दाबून बोट दुखलं. मेकॅनिककडं न्यावी, तर ही सगळ्यांना सांगत सुटली, आमचे हे माझ्याशिवाय गाडी चालवत नाय. मग काय तोंडानं काढणार?" त्यांचे डोळे खरंच ओले होते, पण चेहरा हसून हसून लाल झाला होता. "आज शांत बसून घरी जाऊ. तुमचे उपकार झाले."

त्यांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. लग्नानंतरची ती पहिलीच. हर्षदला एकदम मोकळं मोकळं वाटलं.

तेवढ्यात मालूबाई लगबगीने आल्या. हातात त्यांचा जुना मोबाइल.

"हर्षदराव, मनाली सांगतेय, त्या वायरीला मोबाइल पण लागतो. व्हय का?"

"हो, पण..." हर्षदने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांचा हात त्याच्या पाठीवरच गोठला होता.

"मग लावा की! मंडळातल्या दिपिकानं औंदाची सगळी भजनं यात भरून दिल्यात. हे बिचारे रडले, माझ्यानं बघवंना."

मनालीने मागच्या सीटवर बसत वायर ओढून मोबाइलला जोडली. टाळ वाजले, पेटी वाजली आणि मालूबाईंचा आवाज पूर्वीपेक्षा खणखणीत लागला.

वडखळ मागे पडलं तेव्हाही पहिलंच भजन चालू होतं. मागे मायलेकी टाळ्या वाजवत होत्या. दिनानाथ हळूच जावयाकडे झुकले.

"हर्षदराव, ती जुनी कॅसेट खरंच दुरुस्त व्हईल काय?"

"का, बाबा?"

"ती संपायची तरी."