बंद दुकानापुढची रांग

क्लेमेंट ब्रॅडवेल एका बंद दुकानापुढे गप्प उभे राहिले, एवढाच त्यांचा गुन्हा. ॲलर्बीच्या चौकात बुधवारचा बाजार भरला होता. घड्याळाच्या मनोऱ्याखालचं हे आल्याच्या केकचं दुकान बंद होऊन आठ वर्षं झाली होती. पंचावन्न वर्षांपूर्वी इथल्याच रांगेत मेव्हिसने शेवटचा केक त्यांच्या डोळ्यांदेखत घेतला. मग त्यांचं पडलेलं तोंड बघून तिने त्यातला अर्धा मोडून दिला, तोही लहान अर्धा. पुढे लग्न झालं, आणि त्या लहान अर्ध्यावरून क्लेमेंट तिला जन्मभर टोमणे मारत राहिले. तिचं उत्तर ठरलेलं, "पुढे कोण उभं होतं?"

मेव्हिसला जाऊन आज वर्ष झालं होतं. तिच्यासोबत पाच मिनिटं एकट्याने घालवावीत म्हणून ते आले होते.

"काय मिळतंय इथे?" मागून आवाज आला. छत्री टेकत ऑलसॉपबाई उभ्या होत्या.

खरं सांगायला गेले असते तर रडू फुटलं असतं. क्लेमेंट म्हणाले, "आल्याचा केक."

"मग थांबतेच. किती वर्षांत खाल्ला नाही."

बाईंमागे पाववाला आला, त्याच्यामागे पाद्री. बघता बघता रांग चर्चपर्यंत गेली. एकाने मध्ये घुसून पाहिलं. "शेवट तिकडे आहे हं," असं पाद्रीबाबांनी इतक्या गोड आवाजात सुनावलं की बिचाऱ्याचे कान लाल झाले. क्लेमेंटना पळून जायचं होतं, पण पहिला नंबर सोडणाऱ्याला गावाने वेड्यात काढलं असतं. मेव्हिसची आठवण राहिली बाजूलाच.

तेवढ्यात दार उघडलं आणि आत काम करणारा रंगारी जेवणाचा डबा घेऊन बाहेर आला.

"काय पाहिजे?"

"आल्याचा केक," क्लेमेंट पुटपुटले.

रंगाऱ्याने रांग पाहिली, मग डबा पाहिला. "बायकोने दिलाय खरा. पण एकच आहे." एवढी माणसं बघून तो घाबरला होता. केक क्लेमेंटच्या हातात कोंबून त्याने दार आतून लावून घेतलं. रांग तरी हलली नाही.

ऑलसॉपबाईंचं तोंड पडलं, अगदी तसंच. क्लेमेंटना गलबलून आलं. त्यांनी केक मोडला आणि एक तुकडा बाईंच्या हातावर ठेवला.

बाईंनी दोन्ही तुकडे निरखले. "मोठा स्वतःला ठेवलात होय?"

क्लेमेंटनी डोळे पुसले आणि विचारलं,

"पुढे कोण उभं होतं?"